सरावातला माणूस

"बाय, पोहता येतं काय तुमाला?" भालचंद्र नाखव्यांनी विचारलं. त्यांची होडी धक्का सोडून बरीच पुढे आली होती आणि मी दोन्ही हातांनी फळी आवळून बसले होते.

"नाही," मी म्हणाले.

"मग दर्याची राखण कशी करणार?"

"ती तुम्ही करायची. मी फक्त तुम्हाला विचारायला आलेय."

नाखवा खो खो हसले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, तीन होड्यांचा मालक, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. हसता हसता त्यांनी सुकाणू जरा वळवलं. होडी एका लाटेवर चढून खाली आपटली आणि मी बाजूला वाकून सकाळचा चहा समुद्राला अर्पण केला.

"आता झाली तुमची ओळख," ते म्हणाले. "दर्या कोणालाच पहिल्या दिवशी सोडत नाय."

मी वाशिमची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो फौजदार म्हणून साखरदांड्याच्या चौकीत रुजू झाले तेव्हा. मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. एवढा लांब किनारा एकट्या पोलिसांना सांभाळता येणार नाही, हे सरकारला उमगलं होतं. म्हणून गावोगावच्या कोळ्यांची पथकं करायची ठरलं. अनोळखी होडी दिसली, अनोळखी माणूस उतरला की त्यांनी आधी कळवायचं. पथकात येणाऱ्याला नारिंगी जाकीट, शिट्टी आणि बॅटरी. साखरदांड्याचं पथक उभं करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

सुरुवातीला कोणी दाद देईना. "पोलिसांचं काम आमी कशाला करायचं? तुमी आमचे मासे पकडायला येता काय?" असं धक्क्यावरच्या बायका मला तोंडावर विचारायच्या. त्या होडीच्या फेरीनंतर मात्र नाखव्यांनी सोसायटीच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं आणि स्वतः उभे राहून सांगितलं, "पयला मी." मग काय, जाकिटं कमी पडली.

नाखव्यांनी एवढं मनावर का घेतलं ते मला हवालदार पांगाऱ्यांनी नंतर सांगितलं. नाखव्यांचा जावई मुंबईत नोकरीला होता. हल्ल्याच्या संध्याकाळी तो स्टेशनात गाडीची वाट पाहत उभा होता. मुलगी सुगंधा लहानग्या लेकीला घेऊन माहेरी परतली होती. मी नाखव्यांच्या घरी जायचे तेव्हा ती आतून चहा आणून ठेवायची, दोन शब्द बोलायची आणि पुन्हा आत जायची. त्या विषयावर त्या घरात कोणी बोलत नसे.

ते दिवस मला आजही फार जवळचे वाटतात. सकाळी लिलावाच्या गलक्यानं जाग यायची. हिरूमावशी नावाची एक म्हातारी कोळीण होती, आवाज असा की पलीकडच्या वाडीत ऐकू जावा. ती मला "फौजदारीणबाय" म्हणायची आणि तिच्यामुळे सगळं गाव तसंच म्हणू लागलं. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिला इतकं वाईट वाटलं, की आठवड्यातून दोनदा ती माझ्या खोलीवर सुकट आणून ठेवायची, आज ना उद्या मला बुद्धी होईल म्हणून. बुद्धी झाली. आई फोनवर म्हणायची, "सुलभे, तुझ्या बोलण्यालासुद्धा आता वास येतो गं!" मी होडीत न ओकता बसायला शिकले, भरती-ओहोटीचा हिशोब शिकले, आणि लाट अंगावर आली की अंग सैल सोडायचं असतं हे नाखव्यांकडून शिकले.

दिवाळीनंतर जिल्ह्याहून सरावाचा हुकूम आला. दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस वेष बदलून, होड्यांतून, कुठूनही किनाऱ्यावर उतरणार. त्यांच्याकडे खोटे बॉम्ब असणार. गावांनी त्यांना पकडायचं. पकडलेल्यानं ओळखपत्र दाखवलं की खेळ संपला. जो गाव पकडेल त्याला प्रशस्तिपत्रक.

गावात जत्रेसारखं वातावरण झालं. शाळेतली पोरं झाडावर चढून बसली. जे पथकात नव्हते त्यांनीही शिट्ट्या मिळवल्या.

पहिला माणूस पकडला तो हिरूमावशीनं. सकाळी धक्क्यावर लुंगी नेसलेला, डोक्याला फडकं बांधलेला एक इसम आला. त्यानं मावशीच्या पाटीतल्या पापलेटांचा भाव विचारला. मावशीनं नेहमीप्रमाणे अवाच्या सवा सांगितला आणि तो गृहस्थ निमूटपणे खिशात हात घालू लागला.

"धरा गो याला!" मावशी ओरडली. "भाव न करता पापलेट घेतो! हा आपल्यातला नाय!"

बायकांनी त्याला असा घेरला की बिचाऱ्याची लुंगी सुटायची वेळ आली. त्यानं हसत हसत ओळखपत्र काढलं. त्याच्या पिशवीत 'बॉम्ब' असं लिहिलेला खोका निघाला. गावानं टाळ्या पिटल्या, त्याला सोसायटीच्या ओट्यावर बसवलं, चहा दिला, वर मावशीनं तळलेलं पापलेटही दिलं. मी जिल्ह्याला फोन करून अभिमानानं कळवलं.

दुपारी मी ओट्यावरच बसले होते. तेवढ्यात खाडीकडून आरडाओरडा ऐकू आला. पथकातले लोक एका माणसाला ओढत आणत होते.

"दुसरा! दुसरा सापडला! तिवरांच्या झाडीत लपून बसलेला!"

विशीतला पोरगा होता. काळासावळा, सडपातळ, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. हात जाळ्याच्या दोरीनं मागे बांधले होते. एकानं त्याची भली मोठी फुगलेली बॅग उचलून आणली होती. सगळे हसत होते. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कोणी त्याच्यासोबत फोटो काढून घेत होतं.

"चल, काढ ओळखपत्र!"

पोराचे डोळे एकाकडून दुसऱ्याकडे भिरभिरत होते.

"नाटक भारी करतोय हां!"

"अरे, हात बांधलेत त्याचे, तो काढणार कसं? खिसे बघा."

खिशात काहीच नव्हतं. मग तो एकदम बोलू लागला. भराभरा, रडवेल्या आवाजात, कोणाला न कळणाऱ्या भाषेत. काही जण पुन्हा हसले, पण आधीसारखं नाही. कोणीतरी ओट्यावर पापलेट खात बसलेल्या त्या पहिल्या पोलिसाला हाक मारली, "ओ साहेब, हा तुमचाच ना?"

त्यानं मान वर करून नीट पाहिलं. "नाही बुवा. मी नाही ओळखत याला."

फोटो काढणाऱ्यांचे हात खाली आले. मग कोणीतरी, अगदी हळू आवाजात, म्हणालं, "म्हणजे हा खरा हाय."

पहिली थप्पड कोणी मारली ते मला दिसलं नाही. पोरगा खाली पडला. त्याला उचलून पुन्हा मारलं. "कोट्टवद्दु अन्ना, कोट्टवद्दु!" तो ओरडत होता. ज्या लोकांच्या घरी मी जेवले होते त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात. मी आणि पांगारे गर्दीत घुसलो. पांगाऱ्यांनी पोराला कसंबसं पाठीशी घातलं. "मागं व्हा! मागं व्हा!" मी ओरडत होते, पण तिथे माझा आवाज कुठे पोचत नव्हता.

समोर भालचंद्र नाखवा उभे होते. हातात वल्हं, दोन्ही हातांनी उचलून धरलेलं. लोक त्यांच्याकडेच पाहत होते. नाखव्यांनी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर मी आणि पांगारे, दोघं मिळूनही कोणाला थोपवू शकलो नसतो.

"थांबा!" मी जीव खाऊन ओरडले. "मी जिल्ह्याला विचारते. एक मिनिट थांबा."

मी सगळ्यांसमोर फोन लावला. पोराचं वर्णन सांगितलं. त्यांच्या माणसांपैकी कोणी आमच्या खाडीत उतरलाय का, ते विचारलं. पलीकडच्यानं चौकशी करून उत्तर दिलं. मी "ठीक आहे" म्हटलं आणि फोन खिशात ठेवला.

"आपलाच आहे," मी म्हणाले. "सरावातला माणूस आहे. वेगळ्या तुकडीतला, म्हणून यांना माहीत नाही."

कोणी हललं नाही.

"मग मराठी का बोलत नाय?" मागून एक आवाज आला.

"बोलायचं नाही असा त्याला हुकूम आहे."

"आन् ओळखपत्र?"

तेवढ्यात नाखव्यांनी वल्हं खाली टाकलं. ते पुढे आले आणि त्यांनी पोराच्या पाठीवर मोठ्यांदा थाप मारली.

"शाब्बास रे गड्या! काय नाटक केलंस! आमाला सगल्यांना फसवलंस की!" आणि ते हसू लागले. आपलं नारिंगी जाकीट काढून त्यांनी पोराच्या खांद्यावर टाकलं. "अरे बघता काय? दोन पकडले आपण! दोन! साखरदांड्याचा पयला नंबर!"

आधी एक हसला, मग दुसरा. मग सगळ्यांचाच श्वास सुटल्यासारखा झाला. हिरूमावशी पुढे येऊन पोराच्या ओठावरचं रक्त पदरानं पुसू लागली. "लई लागलं काय रे बाबा? आमाला काय ठावं?"

कोणी त्याची दोरी सोडू लागला, त्याला "चौकीत सोडते" म्हणत मी पोराला जीपमध्ये पुढे बसवलं. बॅग स्वतः उचलून मागे ठेवली. पांगारे चढायला लागले तेव्हा त्यांना म्हणाले, "तुम्ही इथंच थांबा. लोकांचं बघा." ते थोडे नाराज झाले. जीप मी एकटीनं काढली.

फोनवर जिल्ह्याच्या माणसानं सांगितलं होतं, "तुमच्याकडचा तो एक सोडून आमची सगळी माणसं परत आलीत मॅडम. तुमच्या खाडीत आमचं कोणीच नव्हतं. जपून."

गाव मागे पडलं. शेजारी एक माणूस होता, ज्याच्याविषयी मला काही माहीत नव्हतं. मागे एक बॅग होती, जी कोणी उघडली नव्हती. तो खरंच तसला असेल, तर मी सगळ्या गावाकडून त्याची पाठ थोपटून घेतली होती. चौकी बाजारात होती, शेजारी शाळा. तिकडे जायची माझी हिंमत झाली नाही. मी जीप मिठागराकडे वळवली. त्या दिवसांत तिथे चिटपाखरू नसायचं.

बॉम्बशोधक पथक येईपर्यंत थांबायला हवं होतं. मी त्यांना फोनही केला. पण ते जिल्ह्याहून यायचे होते, आणि बॅग जीपमध्ये होती. मी ती उचलून बांधावर लांब नेऊन ठेवली. परत आले तर पोरगा जीपमधून उतरून उभा होता. बॅगेकडे, मग माझ्याकडे पाहत होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, मी त्याची बॅग फेकून देतेय असं वाटलं असावं. बांधलेल्या हातांनीच तो तिकडे धावत सुटला.

"थांब!" मी रिव्हॉल्व्हर काढलं.

तो बॅगेपाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. पाठमोरा होऊन, मागे बांधलेल्या हातांनीच त्यानं चेन ओढली आणि आतून एकेक वस्तू बाहेर काढू लागला. शर्ट. टॉवेल. स्टीलचा डबा. "नको! हात लावू नको!" मी ओरडतेय, तो मान हलवत काढतोच आहे. मग त्यानं एक चपटी, गोल, कापडात गुंडाळलेली वस्तू बाहेर ओढली. तिची दोरी सुटली, आणि फट्‌दिशी मोठा आवाज झाला.

मी चिखलात पालथी पडले. डोळे मिटून, डोकं हातांत धरून पडून राहिले.

काहीच झालं नाही. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती. मी मान वर केली. बांधावर एक गुलाबी मच्छरदाणी उघडून उभी होती. तान्ह्या बाळाला घालतात ती, तारेची, छत्रीसारखी. तिच्यावर पिवळी बदकं छापलेली होती. तिच्या पलीकडे तो पोरगा बसून हुंदके देत होता.

मी उठले. त्याच्या हातांची दोरी सोडली. त्यानं दोन्ही हात मोकळे केले, छातीशी धरले आणि त्यात काही नसताना ते हळूहळू झुलवून दाखवले. मग लांब, पूर्वेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मी त्या चिखलात बसून हसू लागले, आणि ते हसू मला काही केल्या आवरेना.

त्याचं नाव अप्पलराजू. तालुक्याला इडलीचं दुकान चालवणारे एक तेलुगू गृहस्थ होते, त्यांना बोलावून घेतलं तेव्हा सगळा उलगडा झाला. अप्पलराजू श्रीकाकुळमकडचा, एका ट्रॉलरवर खलाशी. बायकोचे दिवस भरले होते. तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान, बंदरात जायला तयार नव्हता. शेवटी किनारा दिसताच यानं ट्रॉलरची छोटी होडी सोडली आणि आमच्या खाडीत शिरला. नारिंगी जाकिटवाले शिट्ट्या वाजवत धावत येताना पाहून घाबरला आणि तिवरांत लपला. त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात फोन करून आम्ही खात्री केली. बॉम्बशोधक पथकानं मच्छरदाणी तपासली तेव्हा कोणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं.

"कोट्टवद्दु म्हणजे काय हो?" मी दुकानदारांना विचारलं.

"मारू नका," ते म्हणाले.

उपअधीक्षक शेवाळे साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला खुर्चीवर बसू दिलं नाही. "न तपासलेली बॅग तुम्ही गाडीत घातलीत? एकट्या? तो तसला निघाला असता तर आज मी तुमच्या आईला काय सांगितलं असतं?" मी खाली मान घालून ऐकलं, कारण ते बरोबर होते. बोलून झाल्यावर ते खिडकीपाशी गेले. "आणि गर्दीला खरं सांगितलं असतंत, तर?" ते स्वतःशीच म्हणाले. मग बेल वाजवून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

प्रशस्तिपत्रक एकाच माणसाबद्दल आलं. "दोन पकडले आन् एकाचंच दिलं, सरकारचं नेहमीचंच," म्हणून गाव पुढे कितीतरी दिवस कुरकुरत होतं.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, नाखवा चौकीत आले. पांगारे घरी गेले होते. नाखवा समोरच्या बाकावर बसले.

"पोरगा कुठला व्हता?"

"कोणता?"

"बाय, आता माझ्यापुढं तरी नाटक करू नका."

मी सांगितलं. मच्छरदाणीचंही सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तुमी फोन ठेवलात तवाच. होडीत बसलात की तुमचं तोंड होतं, तसं झालं व्हतं."

"मग तुम्ही हसलात का? तो खरंच तसला असता तर?"

नाखव्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. "मला तो तसलाच पायजे व्हता," ते म्हणाले. "जावई गेला त्या दिवसापासून मनात एकच. एक तरी माझ्या हाताला लागू दे. दर्यावर जाताना तेच, जेवताना तेच. काल लागला. वल्हं उचललं मी. आन् तुमी खोटं बोललात."

बाहेर कोणीतरी सायकलवरून गेलं. ते गेल्यावर नाखवा पुढे बोलू लागले.

"मी म्हटलं, ही पोरगी नोकरी पणाला लावून एवढ्या लोकांसमोर खोटं बोलते, ती त्या पोरासाठी काय? त्याला तर ती ओळखत पण नाय. मग कोणासाठी बोलते? आमच्यासाठीच बोलते. आमच्या हातून व्हायला नको म्हणून." ते बाकावर जरा पुढे सरकले. "घरी गेलो तर सुगंधानं विचारलं, बाबा, पकडलेल्याला लई मारलं काय? मी म्हटलं, नाय गो, सरावातला व्हता. तर ती रडायला लागली. एवढ्या महिन्यांत पयल्यांदा."

मी दिवा लावला. ते उठून गेले. हे आम्ही कधी कोणाला सांगितलं नाही. अप्पलराजूला मुलगी झाल्याचा निरोप तालुक्याच्या दुकानदारांकरवी आला, तोही मी फक्त नाखव्यांना दिला.

त्यानंतर माझ्या किती बदल्या झाल्या. मोठ्या शहरांत, मोठ्या खुर्च्यांत बसले. नाखवाही आता नाहीत. पण अतिरेकी हल्ले कसे रोखायचे यावर कुठे व्याख्यान असलं, पडद्यावर नकाशे आणि आकडे सरकू लागले, की मला त्या सरावाच्या पुढच्या वर्षीचं प्रशिक्षण आठवतं.

तालुक्याच्या सभागृहात सगळ्या किनाऱ्यावरची पथकं जमली होती. संशयित होडी कशी ओळखायची, निरोप कसा द्यायचा, हे सगळं साहेबांचं समजावून झालं. मग शेवाळे साहेबांनी, बक्षीस मिळवलेल्या गावाचा प्रमुख म्हणून, भालचंद्र नाखव्यांना बोलायला उभं केलं. मी मागच्या भिंतीपाशी उभी होते.

नाखव्यांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "मला भाषण येत नाय. एकच सांगतो. माणूस पकडाल, तर धरून ठेवा. पोलीस येईपर्यंत त्याला कोणाला हात लावू देऊ नका. तुमीपण लावू नका. मारलात, तर तो कोण व्हता ते मग कधीच कळायचं नाय."

सभागृहात चुळबूळ झाली. मधल्या रांगेतून एक तरुण उठला. "नाखवा, तुमच्या गावात असं काय झालं व्हतं काय?"

नाखव्यांनी मान वर करून एवढ्या माणसांतून मला शोधून काढलं.

"नाय," ते म्हणाले. "आमच्या गावात नाय झालं."